मधली पायरी

जुन्या गायक-गायिकांची आठवण काढून हळहळणं हे स्मरण आहे की मोह? प्रश्न वरवर हौसेचा दिसला तरी मुळात तो धर्मविचाराचा आहे, कारण आपल्या परंपरेनं स्मरणाला भक्तीचा मान दिला आणि आसक्तीला क्लेशांत बसवलं. पतंजलींनी या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवल्या. अनुभवलेलं निसटू न देणं ही स्मृती, चित्ताची एक वृत्ती. सुखाच्या मागोमाग येणारी ओढ हा राग, पाच क्लेशांपैकी एक. प्रल्हाद शिंद्यांचं विठ्ठलाचं गाणं लागलं की ऐकणाऱ्याच्या मनात ही दोन्ही एकदमच उठतात. तो खडा, मोकळा आवाज ओळखू येतो तो स्मृतीमुळे. ‘आता तसं कुणी गात नाही’ हे लगोलग तोंडून निघतं ते रागापोटी. पहिल्यात लक्ष गाणाऱ्याकडे असतं, दुसऱ्यात आपल्याच सरलेल्या दिवसांकडे. शिंदे २००४ मध्ये गेले. त्यांचे पुत्र आनंद आणि मिलिंद, नातू आदर्श गातच आहेत. तरी त्यांना ऐकण्याआधीच निकाल लागलेला असतो.

भागवताच्या सातव्या स्कंधात भक्त प्रल्हाद नवविधा भक्ती सांगतो, आणि समर्थ रामदासांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात त्याच क्रमानं ती उलगडली आहे. आधी श्रवण, मग कीर्तन, मग स्मरण. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. ऐकलेलं आधी आपल्या तोंडी यावं, चारचौघांत गायलं जावं, त्यानंतर त्याचं स्मरण व्हावं. गतकाळाचा उमाळा ही मधली पायरी गाळतो. ऐकलं, आणि थेट आठवणीत जाऊन बसलं. जे स्वतः कधी गायलं नाही, कुणाकडून गाऊन घेतलं नाही, शिकवलं नाही, त्याच्या आठवणीत आपला वाटा काय?

यावर जाणकार म्हणतील की या पायऱ्या नव्हेतच. प्रत्येक भक्ती स्वतंत्रपणे पुरेशी आहे. परीक्षित श्रवणानं तरला, शुक कीर्तनानं, प्रल्हाद स्मरणानं. हरकत रास्त आहे, एकट्या साधकापुरती ती मान्यही करावी. पण परीक्षिताला श्रवण घडलं ते शुकाचार्य सात दिवस बोलत राहिले म्हणून. एका माणसाला एक भक्ती पुरेल. समाजात मधली भक्ती करणारंच कुणी उरलं नाही, तर पुढच्या पिढीच्या श्रवणाची सोय कोण करणार? नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात गावोगावी होणाऱ्या अखंड हरिनाम सप्ताहात याचं उत्तर डोळ्यांसमोर उभं असतं. सात दिवस, रात्रंदिवस वीणा खाली ठेवायची नाही असा नेम असतो. पहाऱ्याची वेळ संपली की उभा असलेला वीणेकरी ती दुसऱ्याच्या गळ्यात घालतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, पहिला बाजूला होतो. मागचा वीणेकरी अधिक सुरेल होता का, हा प्रश्न तिथं कुणाच्या मनातही येत नाही. वीणा उभी आहे ना, एवढंच पाहिलं जातं. निळोबारायांचं पिंपळनेर आणि महिपतींचं ताहराबाद ज्या जिल्ह्यात आहेत, तिथं संतांची आठवण टिकली ती याच रीतीनं.

गाण्याबाहेरचा दाखला हवा असेल तर याच जिल्ह्यातलं हिवरे बाजार पाहावं. एके काळी पैलवानांचं गाव म्हणून त्याची ओळख. १९७२च्या दुष्काळानं गावाचा कणा मोडला, माणसं पोटासाठी बाहेर पडली, दारूनं घरं पोखरली. पूर्वीच्या भरलेल्या विहिरींच्या गोष्टी सांगत बसायला या गावाकडे पुरेपूर कारण होतं. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि पुढं ग्रामसभेनं श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी स्वीकारली; डोंगरउतारावर समपातळी चर खोदले, झाडं लावली. पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावर पिकं ठरवायची, उसासारखं तहानलेलं पीक टाळायचं, हा शिरस्ता पडला. बाहेर गेलेली कुटुंबं परतली. हे गाव मागं गेलेलं नाही. जुन्या काळात पाण्याचा ताळेबंद नव्हता, ग्रामसभेचा असा वचकही नव्हता. आठवणीतलं पाणी त्यांनी नव्या रीतीनं मिळवलं. स्मरणाला कृतीची जोड मिळाली की त्यात असा नवेपणा येतोच, म्हणून ‘पूर्वीसारखं नाही’ ही तक्रार मला दुबळी वाटते.

पण ते कलावंत खरोखरच थोर होते, त्याचं काय? होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र काळानं चाळून उरलेल्या थोरांची तुलना आपण आजच्या सगळ्या कल्ल्याशी करतो. त्या काळचं सुमार गाणं आपोआप विसरलं गेलं आहे. ध्वनिमुद्रणालाही मी दोष देणार नाही. ज्यांच्यापर्यंत बैठक कधी पोचली नसती, त्यांच्या घरात कॅसेटनं गाणं नेलं. ते श्रवण आहे आणि श्रवणाशिवाय पुढचं काही नाही. कुणी असंही म्हणेल की थकल्या माणसाला जुन्या गाण्यातून चार घटका विसावा मिळतो, त्याच्यावर कर्तव्याचं ओझं कशाला? विसावा त्यानं खुशाल घ्यावा. त्या विसाव्यातून आजच्या गाणाऱ्यांवर निकाल देऊ नये, इतकीच मागणी आहे.

या उमाळ्यात आणखी एक गोष्ट झाकली जाते, आणि ती मला सर्वांत जास्त टोचते. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची पवळा तमाशाच्या फडावर उभी राहिली, ती महार घरातली. तिच्या साथीनं गाजलेले पठ्ठे बापूराव मूळचे श्रीधर कुलकर्णी, जन्मानं ब्राह्मण. तमाशासाठी त्यांनी जातीतलं स्थान गमावलं आणि १९४५ मध्ये हलाखीत जगाचा निरोप घेतला. विठाबाई नारायणगावकर फडावर नाचता नाचता बाळंत झाल्या आणि पुन्हा फडावर आल्या, ही हकीकत महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. राष्ट्रपती पदक मिळालेल्या या बाईंचे अखेरचे दिवस ओढगस्तीत गेले. २००२ मध्ये त्या वारल्या, आणि काही वर्षांतच त्यांच्या नावानं सरकारी जीवनगौरव पुरस्कार सुरू झाला. जिवंतपणी ज्यांना वाड्यात पाय ठेवू दिला नाही, त्यांच्या आठवणीनं आज त्याच वाड्यांत डोळे पाणावतात. आपल्या धर्मात ऋणाची कल्पना आहे, आणि ऋण आठवून फिटत नाही. तमाशा हा भक्तीचा प्रांत नव्हे म्हणून हात झटकता येणार नाहीत. त्याचा आरंभ गणानं, म्हणजे गणपतीच्या वंदनानं होतो आणि पाठोपाठ गौळणीत कृष्ण येतो.

हे ऋण फेडण्याची जागाही ठरलेली आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले तिथं सुपारी द्यायला येतात. विठाबाईंचं नाव काढून गहिवरणाऱ्या गावानं त्या राहुटीत बसल्यावर फडाचा भाव पाडू नये, आणि त्या रात्री गणापासून वगापर्यंत समोर बसून ऐकावं.