चिठ्ठी नंतर वाचा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात मागांचा खडखडाट ओलांडून पुढं गेलं की चेकिंगचं टेबल लागतं. विणून, धुऊन, कापून, कडा शिवून आलेला माल पॅकिंगआधी इथं थांबतो. चेकिंगवाला एकेक टॉवेल उलगडतो, दोन्ही बाजूंनी तळवा फिरवतो. लूप ओढला गेलाय का, ताण्याचा धागा तुटून रेघ पडलीय का, तेलाचा डाग लागलाय का, कडेची शिलाई सुटलीय का. चांगला माल उजवीकडं, दोषाचा, म्हणजे सेकंड, डावीकडं. सरावलेल्या हाताला फार वेळ लागत नाही. डोळ्यांआधी तळव्याला कळतं. गठ्ठ्याला एक चिठ्ठी खोचलेली असते, तिच्यावर शिवणाऱ्याचं नाव. मजुरी पीसवर असली की नाव लागतंच. तळव्याला त्या नावाशी काही देणंघेणं नसतं. माणसाला मात्र असतं.

समजा, चेकिंगवर एक तरुण आहे आणि शिलाईवर एक मुलगी. दोघं एकाच शेअर रिक्षानं येतात. दुपारी डबा शेजारी उघडतात. तिची कडक भाकरी, याची शेंगाची चटणी. ती मोकळ्या मनाची. याच्याशी सगळं बोलते, भावाच्या परीक्षेचं, आईच्या गुडघ्याचं, घरमालकाच्या कटकटीचं. याचं मन तिच्यात गुंतलंय. तिचं नाही. तिनं तसं एकदा नीट, न दुखवता सांगितलंही आहे. यानंही मान डोलावलीय. दोघांत वाईट कुणीच नाही. आता तिचा गठ्ठा टेबलावर येतो. दोन टॉवेलांची कड उसवलीय. हात थबकतो. मन म्हणतं, "राहू दे की, एवढं कुठं दिसतंय." दोन्ही टॉवेल उजवीकडं जातात. मग एके दिवशी ती पॅकिंगमधल्या कुणाशी तरी हसून बोलताना दिसते. त्या दिवशी तोच हात तिचे पाच टॉवेल परत पाठवतो. त्यातल्या तिनांत काही दोष नसतोच. आणि त्याच सकाळी एका वयस्क मावशींचा गठ्ठा दुपारपर्यंत तसाच पडून राहतो, कारण याचं लक्ष दाराकडं असतं. मावशींचा दिवसभराचा हिशेब त्या गठ्ठ्यात अडकलेला असतो. त्यांना याच्या मनातलं काही ठाऊक नाही. ठाऊक असायचं कारणही नाही.

रुसून केलेली कडक तपासणी चूक आहे, हे कुणालाही पटेल. करणाऱ्यालाही संध्याकाळपर्यंत पटतं, आणि घरी जाताना रिक्षात तो गप्प बसतो. ढिलाईचं तसं नाही. ती चांगुलपणासारखी दिसते. आपण तिच्यासाठी काहीतरी केलं, असं वाटतं. पण बघा, केलं काय? कड उसवते हे तिला कळलंच नाही. मशीनची सुई बोथट झाली असेल, धाग्याचा ताण बिघडला असेल, ते तसंच राहिलं. पुढं कधी तक्रार आली की चिठ्ठीवरचं नाव तिचंच निघणार. आणि तोवर शिलाईच्या रांगेत कुजबुज सुरू झालेली असते. "तिचं काय, तिचा सगळाच माल पास होतो." झालं. तिनं मान मोडून केलेलं चांगलं कामसुद्धा आता कुणाच्या तरी मेहेरबानीचं ठरलं. जिच्यावर जीव आहे तिचंच नाव आपण हलकं केलं. आणि हे एकट्या तिच्या नावापुरतंही नाही. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. गावाच्या नावावर माल विकला जातो. ते नाव शेवटी अशा टेबलांवरच्या तळव्यांनी राखलेलं असतं.

म्हणून प्रेमच नको, असं कुणी म्हणू नये. दिवसाचे आठ-दहा तास ज्याच्या शेजारी घाम गाळायचा, त्याच्याविषयी माया वाटणार नाही तर कुणाविषयी वाटेल? याच सोलापुरात 1910 साली जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. युद्धातल्या जखमींवर उपचार करता करता तिथल्या परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांचे सूर जुळले. 1941 मध्ये त्यांनी लग्न केलं, आणि 1942 च्या डिसेंबरात कोटणीस गेले, तेव्हा वय अवघं 32. त्यांच्या कामात प्रेम आडवं आलं नाही. अर्थात तिथं होकार होता. होकार असला की काम आणि मन दोन्ही सांभाळणं जरा सोपं जातं, हे मान्य करायला हवं. खरी कसोटी नकारानंतरच्या सकाळी असते. तेच टेबल, तीच रिक्षा, आणि समोर तेच माणूस.

सोलापूरकरांना अशा नकाराची गोष्ट नवी नाही. गावाची सगळ्यात मोठी यात्रा त्याच गोष्टीवर उभी आहे. बाराव्या शतकात शिवयोगी सिद्धरामेश्वर इथं तलाव खोदून घेत होते, गावाभोवती 68 लिंगं स्थापत होते. त्यांच्या अंगणात एक कुंभाराची मुलगी रोज झाडलोट करायची, सडा घालायची, रांगोळी काढायची. तिचं मन त्यांच्यावर जडलं. तिनं लग्नाचं विचारलं. ते योगी. ते हो म्हणू शकत नव्हते. पण त्यांनी तिला झिडकारलं नाही. शेवटी आपल्या योगदंडाशी विवाह लावायला त्यांनी संमती दिली, अशी आख्यायिका आहे. आजही संक्रांतीच्या सुमारास सात नंदीध्वज निघतात. पांढरी बाराबंदी घातलेले भक्त ते उंच, जड ध्वज पेलतात. तलावाकाठी संमती कट्ट्यापाशी अक्षता पडतात. लाखो माणसं हातात अक्षता घेऊन उभी असतात, घरचंच कार्य असल्यासारखी. कथेत पुढं त्या मुलीच्या अग्निप्रवेशाचाही भाग येतो आणि होमाच्या दिवशी तिच्या प्रतिकृतीला अग्नी देतात. तो भाग आजच्या मनाला पटत नाही, पटूही नये. मी माझ्यापुरता अक्षतांपाशी थांबतो. तिथं मला एक गोष्ट फार मोलाची वाटते. नकार मिळालेली बिचारी म्हणून गावानं तिला लक्षात ठेवलं नाही. रोज अंगण झाडणारी म्हणून लक्षात ठेवलं. आणि सिद्धरामेश्वरांचा तलाव तर आजही गावाच्या मधोमध आहे. मनाच्या या सगळ्या घालमेलीत तो अर्धवट राहिला नाही.

रोज कामाला जाणाऱ्या माणसानं यातून घ्यायचं ते अगदी छोटं आहे. चिठ्ठी नंतर वाचावी. गठ्ठा आला की आधी चिठ्ठी उलटी करून ठेवावी, टॉवेल तपासावेत, उजवे-डावे करावेत, आकडा लिहावा, आणि मग नाव बघावं. एवढंच. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर मुलाचं नाव नसतं, ते शिक्षक अप्रामाणिक असतात म्हणून नव्हे. नाव दिसलं की चांगल्या माणसाचाही हात थबकतो, हे सगळ्यांना माहीत असतं म्हणून. तुम्ही बँकेत असाल तर कर्जाचा कागद आधी वाचा, कुणी पुढं सरकवला ते नंतर. दवाखान्यात असाल तर रात्रपाळ्यांचा तक्ता लावताना आधी पाळ्या मोजा, मग नावं भरा. शाळेत असाल, ऑफिसात असाल, तुमच्याकडं उलटी करण्यासारखी एखादी चिठ्ठी असणारच. जिथं नाव झाकता येत नाही तिथं दुसरा उपाय आहे. मनातल्या मनात त्या नावाच्या जागी मावशींचं नाव घालून बघा. हेच दोन टॉवेल मावशींचे असते तर पास केले असते का? उत्तर लगेच येतं. आणि दोष सापडला तर सगळ्यांना सांगता तसाच सांगा. "अगं, दोन कडा सुटल्यात बघ, सुई बदलून घे." एवढ्या एका साध्या वाक्यात तिचा मान राहतो आणि तुमचाही.

मन लगेच ऐकत नाही, हे खरंच. टेरी टॉवेलच्या मागावर ताण्याचे दोन बीम असतात. एक घट्ट ताणलेला, दुसरा ढिला सोडलेला. त्या ढिल्या धाग्यांतूनच लूप उठतात, टॉवेल मऊ होतो, पाणी पितो. पण त्या लुपांना धरून ठेवतो तो घट्ट ताणा. आपल्यातही एक ढिला धागा असू द्यावा, तो ओढून ताणून घट्ट करायला जाऊ नये. वाईट वाटतंय तर वाटू द्यावं. फक्त पाळी सुरू असेपर्यंत घट्ट ताण्यानं आपलं काम करावं. अगदीच जमत नसेल तर मुकादमाला सांगून थोडे दिवस टेबल बदलून मागावं. कारण सांगायलाच हवं असं नाही. याला पळ काढणं म्हणत नाहीत. डोळे दुखत असले तर आपण उजेडाची जागा बदलून घेतोच की. मनातलं बोलायला मात्र कारखान्याबाहेरचं माणूस निवडावं, थोरली बहीण, जुना मित्र. डब्याच्या सुट्टीत चौघांत ते काढू नये. तिच्याविषयीची ती बातमी तिच्याआधी पॅकिंगपर्यंत पोचते.

आणि एकदा नकार मिळाला की पुन्हा विचारू नये. मोबाइलवरून नाही, मैत्रिणीकडून नाही, सणाच्या शुभेच्छांच्या आडूनही नाही. कामाच्या ठिकाणी बाईमाणसाला निर्धास्त काम करता यावं म्हणून 2013 साली कायदा झाला आहे. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी त्यासाठी अंतर्गत समिती असावी लागते. चांगल्या माणसाला कायद्याची आठवण करून द्यावी लागू नये, तरी असा कायदा आहे हे माहीत असलेलं बरं. दुसऱ्या बाजूविषयी सहसा कुणी बोलत नाही, तेही सांगतो. समोरच्याचा जीव आपल्यावर आहे हे कळलेलं असतं, होकार द्यायचा नसतो, पण गठ्ठा लवकर सुटतो, रजा पटकन मिळते, म्हणून विषय अधांतरी ठेवला जातो. असं करू नये. सिद्धरामेश्वरांसारखं स्पष्ट आणि सन्मानानं सांगून टाकावं. त्यातच दोघांची सोय आहे, आणि तिसऱ्याचीही.

तेव्हा आज कामावर गेलात की एवढं करून बघा. सगळ्यात आधी तो गठ्ठा घ्या, जो काल तुमच्यामुळं मागं राहिला. तो मोकळा करा, आकडा लिहा. आणि दुपारी एखाद्या दिवशी डबा घेऊन नेहमीच्या जागेऐवजी मावशींच्या घोळक्यात बसा. त्या दोन प्रश्न विचारतील, चार उपदेश करतील, पण शेंगाची चटणी त्यांच्याकडची नक्की खा.