प्लॅस्टरमधला हात

परवा कीर्तन आटोपल्यावर एका माळकरी आजोबांनी आम्हांस अडविले. म्हणाले, "बुवा, हरिकथेत लढाईचे आख्यान कशाला? मारामारीत कसली आली भक्ती?" प्रश्न खोटा नव्हे. आम्ही तेथल्या तेथे काहीतरी बोललो खरे, पण ते आमचे आम्हांसच पटले नाही. म्हणून पुन्हा सांगतो.

मेजर सोमनाथ शर्मा हे कुमाऊँ रेजिमेंटच्या चौथ्या पलटणीतले. सन १९४७ च्या ऑक्टोबरअखेर त्यांची तुकडी विमानाने श्रीनगरला निघाली, तेव्हा यांचा डावा हात खेळात मोडून प्लॅस्टरमध्ये होता. मागे राहायला यापरती सबब कोणती हवी? तरी हट्टाने गेले.

३ नोव्हेंबरला बडगामला गाठ पडली. शत्रू सातपट, तीन बाजूंनी, शिवाय उखळी तोफांचा मारा. पाठीशी श्रीनगरचा विमानतळ. तो गेला तर कुमक उतरायची कोठे? हा गृहस्थ उघड्या मैदानातून आपल्या एका टोळीकडून दुसरीकडे धावतो आहे. आपल्या विमानांना नेम कळावा म्हणून शत्रूच्या डोळ्यांदेखत जमिनीवर कापडी पट्ट्या अंथरतो आहे. माणसे पडू लागली, मशीनगनींना हात कमी पडले, तेव्हा काय केले? मोडका हात तसाच, अन् स्वतः मॅगझिनांत गोळ्या भरून शिपायांना देऊ लागला! अहो, हे काय मेजराचे काम? भरून देणे, पुरविणे हे हाताखालच्याचे.

येथे आम्हांस द्रोणपर्व आठवते. जयद्रथवधाच्या दिवशी घोडे बाणांनी जर्जर झाले, तहानले. अर्जुन भुईवर उतरून सैन्य थोपवितो आहे, आणि भगवंत काय करतात? घोडे सोडतात, अंगात रुतलेले बाण काढतात, अंग चोळतात, पाणी पाजतात. भर रणात! मोतद्दाराचे काम ज्याने पत्करले, त्यालाच आपण विटेवर उभा पाहतो ना? आजोबा, आम्ही मारण्याची थोरवी गात नाही हो; वाकण्याची गातो.

गोळ्या भरता भरताच त्या दारूगोळ्यावर तोफगोळा पडला. मेजर गेले. तुकडीने मात्र शत्रूला सुमारे सहा तास अडविले, तेवढ्यात मागची कुमक जागेवर आली. पुढे पहिले परमवीर चक्र त्यांच्याच नावे झाले.

देह तीन दिवसांनी सापडला. चेहऱ्यावरून ओळखू येईना. पिस्तुलाचे चामडी म्यान होते, आणि खिशात गीतेची काही पाने. त्यांवरून ओळख पटली.