वीणेची तार आणि आपली शिकणारी मुले



धरणगाव तालुक्यातल्या आपल्या वस्त्यांमधून आज एम.ए., एम.एस्सी., पीएच.डी. करणारी मुले-मुली निघत आहेत. जळगावला १९९० साली विद्यापीठ झाले, तशी ही वाट जवळ आली. कापूस वेचणाऱ्या आईची लेक प्रयोगशाळेत उभी राहते, हे बाबासाहेबांच्या कष्टांचे फळ आहे. परंतु सुटीत घरी आलेल्या त्या लेकीला आपण काय विचारतो? डिग्री कधी? नोकरी कधी? झोप लागते का, अन्न गोड लागते का, मनातले बोलायला खोलीवर कोणी आहे का, हे विचारायचे राहून जाते.

भगवान बुद्धांच्या संघात सोण नावाचा भिक्खू होता. साधनेत तो इतका झटला की चालून चालून त्याचे पाय रक्ताळले. तरीही फळ दिसेना. तो खचला, चीवर सोडून घरी परतावे असे त्याच्या मनात आले. तथागतांनी त्याला भित्रा म्हटले नाही. सोण पूर्वी वीणा वाजवीत असे. त्यांनी त्याला वीणेविषयीच विचारले : तार फार ताणली तर ती नीट वाजते काय? फार सैल सोडली तर वाजते काय? सोण उमगला. तार बेताची हवी, तसाच प्रयत्नही बेताचा हवा. यालाच आपण मध्यम मार्ग म्हणतो.

आता आपल्या घरांकडे पाहा. बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत, हे आपण मुलांना सांगतो. सांगावेच. पण तेवढेच सांगितले तर ती तार ताणणे होते. १९२० साली पुन्हा लंडनला जाताना त्यांनी मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतले. १९२३ साली त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांनी फेरलेखनासाठी परत केला. पैसे संपल्यामुळे ते मुंबईला आले, प्रबंध पुन्हा लिहिला आणि डी.एस्सी. मिळविली. ज्या मुलाचा प्रबंध मार्गदर्शकाने परत केला आहे, त्याला ही हकीकत कळली पाहिजे. काम परत येणे म्हणजे माणूस नापास होणे नव्हे, आणि मदत मागणे कमीपणाचे नाही.

मात्र सगळेच दुःख अभ्यासाच्या ताणाचे नसते. आपल्या जळगावची डॉ. पायल तडवी ही आदिवासी समाजातील मुलगी मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी ती आपल्यातून गेली. वरिष्ठांनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला, खटला उभा राहिला. तिची आई आणि रोहित वेमुलाची आई यांनी मिळून त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. अशा अपमानाच्या वेळी पोराला "मन घट्ट कर" एवढेच सांगणे हा धम्म नव्हे. दुःखाला कारण असते आणि कारण दूर करता येते, ही तथागतांची शिकवण आहे. म्हणून लेखी तक्रार करावी, तारखा नोंदवून ठेवाव्यात, आणि आई-बापांनी सोबत जावे. मुलाला एकटे पाठवू नये.

चार आर्यसत्यांतले पहिले सत्य म्हणजे दुःख आहे, हे मान्य करणे. घरात ते मान्य झाले तरच मूल बोलेल. झोप उडाली, जेवण सुटले, "मी नसलेलो बरा" असे शब्द निघाले, तर लोक काय म्हणतील याचा विचार न करता त्याला जवळ घ्यावे व डॉक्टरांकडे न्यावे. ताप आला तर आपण दवाखान्यात जातोच ना? सरकारने २०२२ साली टेली-मानस ही सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत बोलता येते.

आनंद एकदा म्हणाले, कल्याणमित्र लाभणे म्हणजे अर्धे धम्मजीवन होय. तथागतांनी त्यांना थांबविले आणि सांगितले की ते अर्धे नव्हे, संपूर्ण आहे. येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर शिकणाऱ्या मुलांना तासभर बसवून घ्या. त्या तासात त्यांना उपदेश करू नका, त्यांचे ऐका.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम.