एक उंदीर, अनेक देश

तारापूरच्या किंवा लोटे-परशुरामच्या एखाद्या कारखान्यात तयार झालेलं रसायन पिंपांत भरून न्हावाशेवाला जातं. तिथून कुठलं पिंप हॅम्बुर्गला, कुठलं ह्यूस्टनला, कुठलं योकोहामाला. माल एकच असतो, पण प्रत्येक बंदरापलीकडे एक सरकारी खातं बसलेलं असतं आणि त्याचे प्रश्न ठरलेले असतात. हे पोटात गेलं तर माणूस दगावेल का? डोळ्यात उडालं तर? कातडीवर सांडलं तर? रोज थोडं थोडं हुंगत राहिलं तर? प्रश्न रास्तच आहेत. भोपाळनंतर ते कुणी भारतीयाला समजावून सांगायला नकोत. या प्रश्नांची उत्तरं बराच काळ प्राण्यांच्या अंगावर शोधली गेली, अजूनही बऱ्याच अंशी शोधली जातात.

पण प्रयोगशाळेत प्राणी किती मरतात हे निव्वळ प्रश्न किती अवघड आहे यावर ठरत नाही. तोच प्रश्न किती जण, किती वेळा विचारतात यावरही ते ठरतं. पांढरा उंदीर पुण्यातला असो की ओसाकामधला, त्याचं यकृत एकाच तऱ्हेनं काम करतं. पुण्यात केलेला प्रयोग जपानला चालत नसेल आणि म्हणून ओसाकात तो पुन्हा करावा लागत असेल, तर दुसऱ्या खेपेचे उंदीर नव्या ज्ञानासाठी मेले असं म्हणता येत नाही. ते मेले कारण एका देशाचा दुसऱ्याच्या कागदावर विश्वास नव्हता. बारावी झालेल्या मुलाला प्रत्येक कॉलेजानं बोर्डाचा पेपर पुन्हा लिहायला लावावा, तसा हा प्रकार. (आपण प्रवेशपरीक्षांच्या नावाखाली नेमकं तेच करतो, पण तो विषय वेगळा.)

हे थांबवायची तोड १९८१मध्ये पॅरिसला निघाली. आर्थिक सहकार्य व विकास संघटना, म्हणजे ओईसीडी, ही श्रीमंत देशांची संघटना. तिच्या परिषदेनं त्या वर्षी मे महिन्यात ठरवलं की एका सदस्य देशात ठरलेल्या पद्धतीनं आणि ठरलेल्या शिस्तीत केलेली चाचणी बाकीच्या सदस्य देशांनी मान्य करायची. रसायनाला परवानगी द्यायची की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. आकडे मात्र पुन्हा मागायचे नाहीत. या ठरावात प्राण्यांची दया हा मुख्य मुद्दा नव्हता, मुख्य मुद्दा व्यापार आणि खर्च हाच होता. तरीही मला वाटतं, दयेपोटी केलेल्या कित्येक भाषणांपेक्षा या रुक्ष ठरावानं जास्त उंदीर वाचवले असतील.

विश्वास ठेवा असं सांगून कुणी ठेवत नाही, आणि अविश्वासाला कारणही तसंच होतं. शिकागोजवळ नॉर्थब्रूकला इंडस्ट्रियल बायो-टेस्ट नावाची मोठी प्रयोगशाळा होती. औषधं, कीटकनाशकं, कारखान्यातली रसायनं अशा कितीतरी गोष्टी ती कंपन्यांसाठी तपासून देई. १९७६मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातले एड्रियन ग्रॉस तिचे अहवाल चाळत असताना त्यांना आकडे फारच नीटनेटके वाटले. चौकशी झाली तेव्हा उंदरांची एक खोली उघडकीला आली. कर्मचारी तिला ‘दलदल’ म्हणत. आपोआप पाणी देणारी यंत्रणा नादुरुस्त होती, पिंजरे भिजत होते, उंदीर मरून तिथंच सडत होते. नोंदवहीत काही मेलेल्या जनावरांपुढे ‘तपासण्यापलीकडे कुजलेलं’ अशा अर्थाची आद्याक्षरं होती आणि तरीही अहवाल पूर्ण होते. मेलेल्यांच्या जागी नवे उंदीर सोडून जुन्याच क्रमांकानं पुढे रेटलं होतं. १९८३मध्ये या प्रकरणात तिघांना दोषी ठरवण्यात आलं.

म्हणून १९८१च्या ठरावाला जोडूनच प्रयोगशाळेतल्या शिस्तीचे नियम आले. या धंद्यात त्यांना सगळे ‘जीएलपी’ म्हणतात. अशा प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात शिकवलं जातं की चुकलेला आकडा खोडरबरानं पुसायचा नाही, गिरवायचा नाही, पांढरी शाई तर नाहीच. त्यावर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. बाजूला बरोबर आकडा, सही, तारीख आणि चूक का झाली ते. तराजू कधी तपासला, उंदरांच्या खोलीचं तापमान किती होतं, खाद्य कुठल्या गोणीतलं होतं, सगळं लिहून ठेवायचं आणि वर्षानुवर्षं जपायचं. प्रयोग करणाऱ्यांपासून स्वतंत्र असा एक विभाग त्यांच्या पाठीमागे उभाच. बाहेरच्याला हा कारकुनी जाच वाटतो. पण त्या आडव्या रेघेमुळेच टोकियोतला अधिकारी पुण्यातल्या, न पाहिलेल्या माणसाचा आकडा खरा धरू शकतो. भारत ओईसीडीचा सदस्य नाही, तरी २०११पासून या व्यवस्थेत पूर्णपणे सामील आहे. दिल्लीच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाखालची यंत्रणा इथल्या प्रयोगशाळा तपासते आणि त्यांचे अहवाल बाहेर चालतात.

इथवर गोष्ट सरळ आहे. पण जो विश्वास उंदीर वाचवतो, तोच जुनी पद्धत घट्ट धरूनही ठेवतो.

एलडी-५० चाचणीचं उदाहरण घ्या. ब्रिटनमध्ये ट्रेव्हन यांनी १९२७मध्ये ती मांडली, तीही डिजिटॅलिस, इन्शुलिन अशा औषधांची ताकद मोजण्यासाठी. निम्मी जनावरं मरतील अशी मात्रा काढायची. पुढे तिचा प्रत्येक रसायनाला सरसकट शिक्का लागला. ओईसीडीच्या चाचणी-पुस्तकात ती ४०१ क्रमांकाची. जुन्या तऱ्हेनं करायची तर चाळीस-पन्नास, कधी त्याहूनही बरेच प्राणी लागत, आणि हाती यायचा एक आकडा, ज्याची एवढी अचूकता परवाना देणाऱ्यालाही नको असायची. त्याला एवढंच हवं असतं की पिंपावर कवटी छापायची की साधं सावधगिरीचं चिन्ह. नव्वदच्या दशकात तीन पर्याय पुस्तकात आले. त्यांपैकी ४२३ क्रमांकाच्या चाचणीत किलोमागे ५, ५०, ३०० आणि २००० मिलिग्रॅम अशा मात्रा ठरलेल्या असतात. एका मात्रेवर तीन उंदीर घ्यायचे, काय होतं ते पाहून वर जायचं की खाली ते ठरवायचं. दोन ते चार पायऱ्यांत बहुधा काम भागतं.

पर्याय आले म्हणून ४०१ बंद झाली का? नाही. कंपनीच्या बाजूनं विचार करा. नवी पद्धत नऊ देशांनी मानली आणि दहावा म्हणाला, आम्हाला जुनाच आकडा द्या, तर दुप्पट खर्च. त्यापेक्षा जी सगळीकडे चालते तीच करून टाकलेली बरी. पुस्तकात जुनं पान आहे तोवर ते मागणारा कुणीतरी भेटणारच. शेवटी ते पानच फाडावं लागलं. डिसेंबर २००२मध्ये ४०१ रद्द झाली. नवी पद्धत शोधण्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, हे रद्द करणं मोलाचं होतं असं माझं मत आहे.

डोळ्याची चाचणी अजून त्या टोकाला पोचलेली नाही. अमेरिकेतल्या ड्रेझ यांनी १९४४मध्ये रूढ केलेली पद्धत अशी: सशाच्या एका डोळ्यात द्रवाचा ०.१ मिलिलिटर थेंब टाकायचा, दुसरा डोळा तुलनेसाठी मोकळा ठेवायचा आणि तासाभरानं, मग एक, दोन, तीन दिवसांनी, जखम भरते का ते पाहायला एकवीस दिवसांपर्यंत, लाली, सूज, बुबुळाचा धुरकटपणा यांना गुण द्यायचे. २००९मध्ये ओईसीडीनं कत्तलखान्यातून आणलेल्या गुराच्या डोळ्याचा पारदर्शक पडदा वापरायची चाचणी स्वीकारली. पण महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही २०१५पासून बंदी आहे. पॅरिसला मान्य झालेली पद्धत इथं करायची तर डोळे आणायचे कुठून, हा प्रश्न कुठल्याच पुस्तकात नाही. माणसाच्या पेशींपासून वाढवलेल्या ऊतींवरच्या चाचण्याही आता मान्य आहेत. त्या ऊती थंड डब्यात विमानानं येतात आणि जिवंत असतात. कस्टममध्ये डबा अडकला की संपलं.

नवी पद्धत पुस्तकात जाण्याआधी तिची परीक्षा होते. सांकेतिक क्रमांकाच्या बाटल्या निरनिराळ्या प्रयोगशाळांना जातात. आत काय आहे हे तिथं कुणालाच ठाऊक नसतं. निकाल जुळतात का ते नंतर ताडून पाहतात. यात वर्षं जातात. ही परीक्षाही प्रत्येक देश स्वतंत्रपणे घेऊ लागला, तेव्हा एप्रिल २००९मध्ये अमेरिका, कॅनडा, जपान आणि युरोपीय संघ यांनी ती मिळून घ्यायचा करार केला. दक्षिण कोरिया २०११मध्ये आला. कातडीची ॲलर्जी तपासण्याच्या बाबतीत २०२१मध्ये त्याहून पुढचं पाऊल पडलं. रसायन प्रथिनाला चिकटतं का, कातडीच्या पेशी धोक्याची घंटा वाजवतात का, प्रतिकारशक्तीच्या पेशी जाग्या होतात का, अशा प्राण्यांविना होणाऱ्या तीन चाचण्या. त्यांतल्या दोन जुळल्या की तो निकाल धरायचा. एकेका चाचणीऐवजी अनुमान कसं काढायचं यावरच देशांचं एकमत झालं.

गर्भावरचे परिणाम किंवा दीर्घकाळ साचणारं विष यांबाबत असं एकमत अजून दूर आहे, आणि तिथंच सर्वांत जास्त प्राणी लागतात. एका घरातल्या दोन कायद्यांचंही तिथं जुळत नाही. सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचणी करायला भारतानं २०१४मध्ये बंदी घातली. युरोपीय संघाची बंदी २०१३मध्ये पूर्ण झाली होती. पण उन्हापासून वाचवणाऱ्या क्रीममध्ये वापरल्या जाणाऱ्या दोन रसायनांसाठी त्याच संघाच्या हेलसिंकीतल्या रसायन संस्थेनं एका जर्मन कंपनीकडे प्राण्यांवरच्या चाचण्या मागितल्या. कंपनी न्यायालयात गेली. नोव्हेंबर २०२३मध्ये निकाल संस्थेच्या बाजूनं लागला. संस्थेचं म्हणणं होतं की क्रीम लावणाऱ्याचं रक्षण एक कायदा करतो, पण ते रसायन कारखान्यात रोज हाताळणाऱ्या कामगाराचं रक्षण दुसऱ्या कायद्यानं करायचं आहे आणि त्याच्यासाठी पुरावा हवा. तारापूरच्या कामगाराच्या बाजूनं पाहिलं तर हे म्हणणं झटकून टाकता येत नाही. त्याच्यासाठी तेवढाच भरवशाचा, पण प्राण्याविना मिळणारा पुरावा कुठला, यावर हेलसिंकी, टोकियो आणि दिल्लीचं अजून ठरायचं आहे.