सेवेकरी बांधावर

॥ रामकृष्णहरि ॥

सज्जनहो, देणारा वर आणि घेणारा खाली, असे जिथे असते त्याला दान म्हणावे, उपकार म्हणावे; सेवा म्हणू नये. सेवेत सेवा करणाराच वाकतो. एवढेच आज सांगायचे आहे, आणि ते शेताच्या बांधावर उभे राहून सांगायचे आहे.

माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, ही वाट आपल्या पायाखालची आहे. फलटणच्या दक्षिणेला महादेवाचे डोंगर चढून गेले की माण तालुका लागतो. पावसाळी ढग सह्याद्रीवरच रिते होतात; माणच्या वाट्याला येतो तो शिडकावा. त्याच माणमध्ये माणगंगा उगम पावते, सांगली जिल्ह्यात आटपाडीकडे जाते, सांगोल्यावरून पुढे पंढरपूर तालुक्यात सरकोलीजवळ भीमेला मिळते. म्हणजे इथल्या माळावर मुरलेला थेंबही शेवटी भीमेच्याच घरचा!

या कोरड्या मुलखातली माणसे पोटासाठी मुंबईला गेली, गिरण्यांत राबली, मनीऑर्डरी पाठवून त्यांनी घरे जगवली. आता शहरातली माणसे उलट वाटेने गावी आली, तर नवल ते काय? 2016 ते 2019 या चार उन्हाळ्यांत पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा झाली. 2016 साली कोरेगाव तालुक्यातले वेळू पहिले आले, 2018 साली माणमधली टाकेवाडी. त्या 2018 च्या 1 मे रोजी महाश्रमदान झाले. जलमित्र म्हणून नाव नोंदवलेली शहरची मंडळी ठिकठिकाणच्या गावी गेली. लेखणी धरणाऱ्या हातांनी कुदळ धरली, घमेली वाहिली.

कोणी म्हणेल, एका दिवसात काय होते? हातांना फोड येतात, फोटो निघतो, संध्याकाळी गाडी परत. प्रश्न खरा आहे. तो टाळू नये. ज्या घरी प्यायचे पाणी लांबून आणावे लागते, त्या घरच्या माउलीला पाहुण्यांसाठी दोन खेपा जास्त घालाव्या लागल्या, तर सेवा कोणी कोणाची केली? म्हणून जाताना आपले पाणी, आपली भाकरी संगे न्यावी. पहाटे पोचावे, ऊन चढायच्या आत काम करावे. आणि काय करायचे ते त्या शेतकऱ्याला विचारावे. चर खणायचा तर तो उतारावर आडवा, समपातळीत हवा. म्हणजे पाणी थांबते नि मुरते. पातळी चुकली की पाणी एका अंगाला धावते आणि बांध फोडते. शेतकरी म्हणेल, “पाव्हणं, माती वर नगं, खालच्या अंगाला टाका.” त्या वेळी तो गुरू आणि आपण शिष्य. पदवी, पगार, हुद्दा, सगळे बांधाखाली ठेवावे. दिंडीत आपण एकमेकांना माउली म्हणून पाया पडतो, तिथे कोण कोणाचा साहेब? तोच न्याय शेतात.

अरणच्या सावतोबांची गोष्ट आपण जाणतो. त्यांनी मळा सोडला नाही. मळ्यातच पांडुरंग पाहिला. आजही त्यांची पालखी पंढरीस जात नाही, पांडुरंगाचीच पालखी अरणला येते. देवाला जिथे यावेसे वाटते, तिथे जाताना आम्ही उपकाराची भाषा कशी करावी?

आता आणखी एक गोष्ट. घाम सर्वांनी गाळला, पण पाणी साठले कोणाच्या विहिरीत? हे विचारल्याशिवाय श्रमदान पुरे होत नाही. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर तांदुळवाडी-बलवडीच्या लोकांनी 1980 च्या दशकात बळीराजा धरण उभारले. 1982 च्या गिरणी संपात गावी परतलेले कामगार त्या चळवळीत होते. गावकऱ्यांच्या श्रमाला बाहेरच्या विद्यार्थ्यांचा, कार्यकर्त्यांचा हात लागला. तिथे तत्त्व ठरले ते असे, की पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, माणसावर, भूमिहीनालाही वाटा. वाळवंटात भेद नाही असे आपण म्हणतो. तो अभेद पाटाच्या पाण्यात उतरला, तर कीर्तन ऐकल्याचे सार्थक झाले.

तात्पर्य, शहरातल्या वारकरी बंधु-भगिनींनो, वर्षातून एकदा पंढरीची वाट धरता, तशी एकदा बांधाची वाट धरा. मृग लागण्याआधी जा. आणि पाऊस पडून गेल्यावर पुन्हा जा. फुटलेला बांध पाहायला जो परत येतो, तोच खरा सेवेकरी. वारी एकदा करून कोणी वारकरी होत नाही. येणेजाणे चालू राहते, तिला वारी म्हणतात. घमेले हातोहात पुढे जाऊ द्या, मुखी नाम असू द्या; कर्तेपणा मात्र चरातच पुरून या.

पुंडलीक वरदे हरि विठ्ठल!