फुलपाखरू आणि बुरशी



धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना ‘देवाची निर्मिती’ या विषयावर चित्रे काढायला सांगितली. जवळजवळ प्रत्येक कागदावर फुलपाखरू होते. बुरशी एकाही कागदावर नव्हती.

मुलांचे काय चुकले? जून 2015 मध्ये महाराष्ट्राने काळ्या-निळ्या पंखांच्या ‘नीलवंत’ला राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारे हे देशातील पहिले राज्य. बुरशीला कोण मान देणार? हळद पिकवणाऱ्या आपल्या हिंगोलीत बुरशी म्हटली की आधी कंदकूज आठवते.

पण नीलवंताची अळी लिंबाच्या कुळातील झाडांची पाने खाऊन वाढते. त्या झाडांच्या मुळांत एक बुरशी राहते. ती मातीतले स्फुरद झाडाला पुरवते आणि झाडाकडून साखर घेते. जंगलात सागाची गळलेली पाने, पडलेले लाकूड कुजवून त्यांची माती करते तीही मुख्यतः बुरशीच. पावसाळ्यात दिसणारी अळंबी हे तिचे नुसते फळ. तिचे खरे शरीर म्हणजे जमिनीखाली पसरलेले बारीक धागे.

मग बुरशीही ‘कामाची’, म्हणून मोलाची, असे म्हणावे का? इथेच सावध राहायला हवे. फुलपाखराला आपण रूपाने मोजले, बुरशीला उपयोगाने. दोन्ही मापे आपलीच. उत्पत्तीच्या पुस्तकात मात्र माणूस घडण्याआधीच देव आपली निर्मिती चांगली आहे असे पाहतो. तिचे चांगलेपण आपल्या पसंतीवर किंवा गरजेवर अवलंबून नाही. संत थॉमस अक्वायनस यांच्या मते देवाचे चांगुलपण कोणत्याही एका जिवात मावत नाही, म्हणून त्याने नाना प्रकारचे जीव घडवले. नीलवंताला मान मिळाला त्याच महिन्यात प्रसिद्ध झालेल्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पोप फ्रान्सिस यांनी बुरशी आणि किड्यांचीही आठवण ठेवली.

हीच मापे आपण माणसांनाही लावतो. आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद द्यायला जातो तेव्हा अंथरुणाला खिळलेली एखादी आजी विचारते, “फादर, आता माझा काय उपयोग?” पूर्वी मी म्हणायचो, “आजी, तुमची प्रार्थना आम्हाला हवी आहे.” ते खोटे नव्हते, पण अपुरे होते. मी तिला पुन्हा उपयोगाच्याच तराजूत बसवत होतो. आता म्हणतो, “आजी, तुम्ही आहात, एवढेच देवाला पुरेसे आहे.”

या आठवड्यात आपल्या घरातला तराजू एकदा पाहू या. त्यात कोणाला बसवले आहे?

प्रभूमध्ये आपला,
धर्मगुरू