आबान १३५७

आमच्या घरच्या जुन्या पेटीत साऱ्याच्या बाकीची एक पावती होती. हाताच्या पंजाएवढा पिवळा पडलेला कागद, उर्दूत छापलेला, मधल्या मोकळ्या जागा बोरूनं भरलेल्या. दर दिवाळीला पेटी उन्हात निघायची, कागद झटकला जायचा आणि पुन्हा तळाशी जायचा. वाचता येणारे एकटे आजोबा होते. ते गेले आणि घरातली उर्दू त्यांच्याबरोबर गेली.

१९९८ साली मी ती पावती गल्लीतल्या चाचांकडं नेली. चाचा निवृत्त शिक्षक. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद वीतभर अंतरावर धरला आणि पहिल्यांदा रक्कम नव्हे, तारीख वाचली. "आबान आहे बेटा. आबान १३५७." मग जरा थांबून म्हणाले, "आखरी महिना."

निजामाच्या राज्यात कारभार फसली सनावर चाले. त्या आकड्यात ५९० मिळवले की इसवी सन निघतो, पण वर्ष ऑक्टोबरात आजूर महिन्यानं सुरू होई आणि आबान हा शेवटचा महिना सप्टेंबरात येई. म्हणजे आमच्या पेटीतला कागद सप्टेंबर १९४८चा. हद्दीच्या पलीकडं सोलापुरात भारताचं सैन्य उभं आणि अलीकडं तहसिलीत कारकून बाकी जमा करून पावती फाडतोय. सरकार बुडताना सगळ्यांत शेवटी काय थांबतं, याचं उत्तर मला तिथं मिळालं.

ते सरकार होतं मीर लायक अली यांचं. हैदराबादेत निजामाच्या मंत्रिमंडळाच्या प्रमुखाला सदर-ए-आझम म्हणत. सदर म्हणजे अध्यक्ष. इंग्रजी कागदांतही त्या पदाचं भाषांतर 'कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष' असंच असे. सर अली इमाम, महाराजा किशनप्रसाद, अकबर हैदरी, छतारीचे नवाब, मिर्झा इस्माईल असे एकामागून एक अध्यक्ष झाले. ऑक्टोबर १९४७मध्ये छतारी पुन्हा अध्यक्ष होते. भारताशी करायच्या जैसे थे कराराचा मसुदा घेऊन दिल्लीला निघालेल्या त्यांच्या शिष्टमंडळाला इत्तेहाद-उल-मुस्लिमीन या संघटनेच्या जमावानं घरांना वेढा घालून रोखलं. छतारी बाजूला झाले. २९ नोव्हेंबरला करार झाला आणि त्याच सुमाराला लायक अलींच्या हाती कारभार आला. तो १७ सप्टेंबर १९४८ला भारतीय सैन्याच्या कारवाईनं संपला. जेमतेम साडेनऊ महिन्यांची राजवट, पण धाराशिव जिल्ह्यात कुणाही म्हाताऱ्याला लायक अली विचारा, नाव ओळखीचं वाटणार नाही. 'रझाकारी', म्हणजे इत्तेहादच्या सशस्त्र रझाकारांचा काळ, म्हणा, लगेच मान वर होते. तो इथला काळ मोजायचा दगड आहे. अमक्याचा जन्म रझाकारीच्या आधी, तमकीचं लग्न रझाकारीत, विहीर रझाकारीनंतर. आमच्या आजीच्या तोंडी त्याचा शेवटही एकच शब्द होता, 'पोलिसाक्षन'. पोलीस आणि ॲक्शन हे दोन शब्द आहेत, हे तिला कधी वाटलं नाही.

या राजवटीचा शोध घ्यायचा तर कागद कुठं आहेत? पहिली अडचण नावाची. जिल्ह्याची जुनी मिसल उस्मानाबादच्या नावाखाली सापडते, त्याच्याही आधीची नळदुर्गच्या, कारण विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत जिल्ह्याचं ठाणं नळदुर्गला होतं. १९८२मध्ये लातूर वेगळं झालं, पण १९४८चं लातूर याच जिल्ह्यात होतं आणि रझाकारांचे म्होरके कासीम रझवी तिथलेच वकील. २०२३मध्ये पाटीवर धाराशिव आलं. मिसलीच्या पाठीवरचं नाव तेच राहिलं. मुख्य दफ्तर हैदराबादेत तारनाक्याच्या पुराभिलेखागारात. तिथं जायचं तर उर्दू हवी, शिकस्ता वळण वाचता यायला हवं आणि अव्वल तालुकदार म्हणजे कलेक्टर, अमीन म्हणजे फौजदार, करोडगिरी म्हणजे जकात हे पाठ हवं. मराठवाड्याच्या इतिहासावर मराठीत ढीगभर छापलं गेलं आहे. त्यातलं किती उर्दू मिसल उघडून लिहिलं, हा प्रश्न मला स्वतःलाही लागू होतो. मी उर्दू शिकलो ती चाळिशीनंतर, आणि अजूनही नुक्त्यांवर अडखळतो.

छापील कागदांचं मात्र दुर्भिक्ष नाही. भारत सरकारची १९४८ची श्वेतपत्रिका आहे. भारताचे हैदराबादेतले एजंट-जनरल कन्हैयालाल मुन्शी यांचं पुस्तक १९५७चं. स्वामी रामानंद तीर्थांच्या आठवणी १९६७च्या. स्वामीजी आपल्याच जिल्ह्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मास्तर होते. आणि लायक अलींची बाजूही आहे. नजरकैदेतून ते मार्च १९५०मध्ये पाकिस्तानात निसटले आणि १९६२मध्ये त्यांचं पुस्तक कराचीत निघालं. हे सगळे लेखक आपापलं वकीलपत्र घेऊन बोलतात. तक्रार नाही, आत्मचरित्र म्हणजे शपथेविना दिलेली साक्ष. पण या चौघांनाही धाराशिव दिसतं ते फार उंचावरून.

जमिनीवरून लिहिणारा एक जण होता. महंमद हैदर, १९४८मध्ये उस्मानाबादचे कलेक्टर. लायक अलींच्या सरकारचा हुकूम जिल्ह्यात उतरायचा तो त्यांच्या टेबलावर. पोलीस ॲक्शननंतर त्यांना अटक झाली, तुरुंग भोगावा लागला. त्यांनी लिहून ठेवलेल्या आठवणी 'ऑक्टोबर कू' या नावानं छापून आल्या त्या २०१२मध्ये, त्यांच्या पश्चात. मी ते पुस्तक दोनदा वाचलं. पहिल्यांदा चिडून, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. चिडलो कारण आपण ज्यांना स्वातंत्र्यसैनिकांचे कँप म्हणत वाढलो, ते बार्शी-सोलापूरच्या बाजूचे हद्दीवरचे तळ या माणसाला हल्लेखोरांचे अड्डे दिसतात. पेन्सिल घेतली कारण तोच माणूस एका बाजूला रझाकार आणि दुसऱ्या बाजूला हद्दीवरचे हल्ले यांच्यामध्ये सापडलेल्या कलेक्टराची तारांबळ लिहितो. ठाण्यावर हुकूम चालत नाही आणि हैदराबादेहून येणारा कागद जमिनीवरच्या गोष्टीशी जुळत नाही. ते वाचताना आमच्या पावतीतला कारकून मला जास्त कळला.

एका हुकुमाचा परिणाम मात्र जिल्हाभर झाला. लायक अलींच्या सरकारनं भारतीय रुपयाला राज्यात मनाई केली. हैदराबादच्या कचेरीत हा आर्थिक धोरणाचा विषय असेल. धाराशिवला बाजार बार्शीचा. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी बार्शीहून येडशीमार्गे लातूरला जाई, म्हणजे भुसार माल एका सरकारच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत शिरे. साधारण सात हाली म्हणजे निजामी रुपयांना सहा कलदार म्हणजे भारतीय रुपये, हा हिशोब बायाबापड्यांनाही तोंडपाठ होता. आजी सांगायची की बार्शीच्या बाजाराहून येताना कलदार लुगड्याच्या कासोट्यात बांधून आणत. मनाईचा वटहुकूम दफ्तरात मिळतो. कासोटा मिळत नाही.

अशा वेळी माणसांना विचारायला जावं लागतं. योगायोग असा की न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ॲलन नेव्हिन्स यांनी मौखिक इतिहासाची कचेरी थाटली ती याच १९४८ साली. पुढं अमेरिकेत हा पायंडाच पडला. राष्ट्राध्यक्ष पायउतार झाला की त्याचे कागद ग्रंथालयात जातात आणि मंत्र्यांपासून मदतनिसांपर्यंत अनेकांच्या मुलाखती टिपल्या जातात. १९७८च्या कायद्यानं ते कागद राष्ट्राच्या मालकीचे झाले. काही कागद बारा वर्षांपर्यंत बंद ठेवता येतात. मला यातली बारा वर्षं महत्त्वाची वाटतात. एवढ्या काळात माणूस म्हातारा होतो, मरत नाही. कागद उघडला की त्यातलं नाव शोधून त्या माणसाच्या दारात जाता येतं आणि विचारता येतं, इथं असं लिहिलंय, खरं का? आपल्याकडं गाठ सुटली ती नेमकी इथं.

कारण आपल्याकडंही कुणीतरी विचारलं होतं, आणि फार लवकर विचारलं होतं. पोलीस ॲक्शननंतर मुसलमानांच्या कत्तलींच्या बातम्या दिल्लीला पोचल्या, तेव्हा पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाहणीसाठी पाठवलं गेलं. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८. सोळांपैकी नऊ जिल्हे फिरले. जिथं पोचता आलं नाही अशा शंभरावर गावांतल्या पाचशेहून अधिक माणसांशी बोलले. हा मौखिक इतिहासच होता, जखम ओली असताना घेतलेला. त्यांच्या अहवालात चार जिल्हे सर्वाधिक होरपळलेले म्हणून येतात: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. या चारांत मिळून अठरा हजारांवर माणसं मारली गेल्याचा आणि राज्यभरात किमान २७ ते ४० हजारांचा अंदाज. लातुरात हा प्रकार वीस दिवसांहून जास्त चालला. दहा हजारांच्या आसपास मुसलमान वस्तीपैकी जेमतेम तीन हजार उरले होते, असं ते लिहितात. आधी रझाकारांनी केलेले जुलूम अहवाल लपवत नाही. लष्कराच्या आणि पोलिसांच्या माणसांवर ठपका ठेवायलाही कचरत नाही, आणि जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंची नोंदही करतो.

सरकारनं तो छापला नाही. तुकडे बाहेर आले. उमर खालिदींच्या १९८८च्या संग्रहात, नंतर ए. जी. नूराणी यांच्या लेखनात. दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो वाचकांना पाहायला मिळतो, अशी बातमी २०१३मध्ये झळकली. हैदर यांचं पुस्तक २०१२, अहवालाचा बोभाटा २०१३. जिल्ह्याच्या त्या वर्षाबद्दलचे दोन सगळ्यांत जवळचे कागद माझ्या हाती वर्षभराच्या अंतरानं आले, पासष्ट वर्षांनी. ज्यांच्याकडं घेऊन जावेत ती माणसं तोवर मसणवट्यात आणि कबरस्तानात.

मुलाखती आपण घेतल्या नाहीत असं नाही. पण कुणाच्या आणि कशासाठी? स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शन योजनेनं मोठं काम केलं आणि मोठा घोळही केला. तुरुंगाचा दाखला नसेल तर आधी मान्य झालेल्या सैनिकाचं प्रतिज्ञापत्र लागे. मग गावोगाव आठवणी प्रतिज्ञापत्राच्या साच्यात बसल्या: कँपचं नाव, पुढाऱ्याचं नाव, नाका जाळल्याची तारीख. खऱ्या सैनिकालाही आपली गोष्ट त्याच साच्यातून सांगायची सवय लागली. अशा मुलाखती मी पुष्कळ वाचल्या आहेत. त्यांत पाऊस पडत नाही, कुणाला भूक लागत नाही, आणि सगळं १७ सप्टेंबरला, झेंड्यापाशी संपतं. दुसऱ्या मोहल्ल्यात गोष्ट नेमकी त्या दिवशी सुरू होते. तिथं आधीचे महिने धूसर असतात; रझाकारांत गावातलं कोण होतं, हे सांगताना गाव नेहमी शेजारचं असतं. दोन्हीकडं खोटं कुणी बोलत नाही. प्रत्येकाकडं आबानची एकेक बाजू आहे, एवढंच.

आणि एका विषयावर दोन्हीकडं सारखीच सुपारी कातरली जाते. जमीन. कुणी पळालं, कुणी मेलं, पेरणी कुणी केली, पुढं नाव कुणाचं लागलं. इथं कागद बोलका आणि माणूस मुका. खासरा पत्रक काढा, मागचे फेर लावा, नावं बदललेली दिसतील. कशी बदलली ते दिसणार नाही. पहिल्या भेटीत हा प्रश्न विचारणाऱ्याला दुसरी भेट मिळत नाही, हे मी एका गावात शिकलो. चहा आला, तो अर्धा होताच यजमान गुरांना पाणी दाखवायला उठले आणि परत आले नाहीत.

आमच्या घरात मी १९९८मध्ये आजीला टेपरेकॉर्डरसमोर बसवलं होतं. दोन कॅसेटी भरल्या. पुढं घरातल्याच कुणीतरी त्यांच्यावर काकड आरती भरून घेतली. एका बाजूच्या शेवटी, टाळ थांबल्यावर, आजीचं खोकणं तेवढं ऐकू येतं. सुदैवानं त्या वेळी मी वहीतही टिपत होतो. चाचांशी झालेलं बोलणंही त्याच वहीत आहे. वही दुरेघी, वर मुलाच्या शाळेचं नाव. हैदर आणि सुंदरलाल वाचून झाल्यावर मी ती पुन्हा उघडली.

आजीच्या पानावर असं आहे: "गणपती बसलेले होते. आम्ही बार्शीला होतो, रझाकारांच्या भ्यानं चार महिने. पोलिसाक्षन झाल्यावर घरी आलो." चाचांच्या पानावर: "आबान. घरीच होतो. नंतर हैदराबादला मामूंकडं, दोन वर्षं." त्यांच्या आणि आमच्या घराची मधली भिंत सामाईक. आजी परत आली तेव्हा भिंतीपलीकडं कोण होतं, हा प्रश्न वहीत नाही. मी तो विचारलाच नव्हता. आजीच्या पानाच्या समासात चुन्याचं बोट उमटलेलं आहे, ते तिचं असावं. आणि पावतीचं मराठी चाचांनी स्वतःच्या हातानं शेवटच्या पानावर लिहून दिलं आहे, आजोबांच्या पूर्ण नावासकट, रक्कम हालीत.